बुसानच्या टेकडीवरची काकडी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, तरी हे धाडस करतो आहे, सांभाळून घ्या.

काल इथे परदेशात, पापाटोएटो उपनगरातल्या आमच्या घरी बायकोने काकडी सोलली आणि त्या गार वासाने मला कोरियातल्या बुसानला नेलं. मी तिथे शिकत असताना मिरजेच्या दवाखान्यात माझ्या वडिलांचं, आबांचं, ऑपरेशन झालं होतं. चालले नाहीत तर कठीण आहे, असं डॉक्टर म्हणत, आणि आबा अंथरूण सोडत नव्हते. खोलीत मन लागत नसे, म्हणून शनिवार-रविवार मी त्या अनोळखी शहरात एकटाच भटकायचो.

एका शनिवारी टेकडीवर शेजारी बसलेल्या आजोबांनी काकडी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. एकमेकांची भाषा येत नव्हती. आम्ही बंदराकडे बघत खात राहिलो. तेव्हा वाटलं, त्यांना माझी दया आली असावी. आज वाटतं, तेही एकटेच आले होते.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, आबा उठले. नर्सला शिव्या देत का होईना, दारापर्यंत चालत गेले."

सांगायला वळलो, तर आजोबा टेकडी उतरून गेले होते.