फ्लॉपीचं लॅमिनेशन

एका शनिवारी मी माझ्या मुलीच्या फ्लॉपीला लॅमिनेशन करून आणलं.

मी केलं ते एवढंच. बाकी जे काही झालं ते इतरांनी केलं. पण आमच्या घरात ही हकीकत नेहमी माझ्या नावावर सांगितली जाते, म्हणून आता मीच ती नीट लिहून ठेवतो आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. 'एकविसावं शतक येतंय' असं तेव्हा जो तो सांगत होता. (जणू ते आमच्याकडे जेवायलाच येणार होतं!) कॉम्प्युटर न शिकणारं मूल पुढं उपाशी मरणार, अशी पोस्टरं मुलुंडच्या भिंतीभिंतीवर लागली होती. आमची मनीषा नुकतीच बी.कॉम. झालेली. मी एका कंपनीत बावीस वर्षं टायपिस्ट. मिनिटाला सत्तर शब्द, खाडाखोड नाही. मी म्हटलं, टायपिंग शिक. ती म्हणाली, "बाबा, टायपिंगला आता कोण विचारतंय?" ज्याच्यावर तिच्या दुधाच्या बाटलीपासून बी.कॉम.पर्यंत सगळं झालं, त्याची ही किंमत! मला वाईट वाटलं. तरी फी भरली.

क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली दिवसभर पीठ उडायचं आणि वर धूळ नको म्हणून चपला काढून आत जायचं. आत एक एअर कंडिशनर, एक कॉम्प्युटर आणि चौदा मुलं. कॉम्प्युटर थंड हवेत बसून राहायचा आणि मुलं फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायची. मशीनला हात लावायला प्रत्येकाला आठवड्यातून वीस मिनिटं. पोहायला शिकवण्याची फी घ्यावी आणि आठवड्याला एक बादली पाणी द्यावं, तसा हा प्रकार. पण बोलायची सोय नव्हती. बोललं की "बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

सहा महिन्यांनी मनीषा एक काळी, चौकोनी, पातळ वस्तू घरी घेऊन आली. ती फ्लॉपी. ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम तिने वीस-वीस मिनिटांत टाइप करून तिच्यात साठवला होता. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर फ्लॉपी मशीनमध्ये घालायची. प्रोग्राम चालला तर सर्टिफिकेट, नाहीतर सहा महिने पाण्यात.

"हिला धूळ लागता कामा नये," तिने आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. "पाणी नाही. ओला हात नाही. वाकवायची नाही. आणि ह्या भोकातून आत बोट लावायचं नाही."

"मग ठेवायची कुठं?" सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं. "आपल्या घरात धूळ, पाणी आणि बोटं, एवढंच तर आहे."

फ्लॉपी आधी टेबलाच्या खणात गेली, मग साड्यांच्या घडीत, मग देवांच्या तसबिरीमागे. कुठंच मनीषाचं समाधान होईना. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते मला बघवेना.

त्याच सुमारास स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचं मशीन आलं होतं. मनीषाच्या मार्कशीटा, माझ्या वडिलांचा फोटो, आमची लग्नपत्रिका, सगळं मी तिथून करून आणलं होतं. दुकानावर पाटी होती: 'धूळ नाही, पाणी नाही, सुरकुती नाही.' आता वाचकांनीच सांगावं. मुलीने घातलेल्या अटी आणि ही पाटी शेजारी शेजारी ठेवली, तर कुठल्याही शहाण्या बापाने काय केलं असतं? ('गरम करू नये' असं ती बोलली नव्हती. ते म्हणे फ्लॉपीच्या पाकिटावर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. इतकं महत्त्वाचं असेल तर मोठं छापा ना!)

"साहेब, ये क्या है?" दुकानदाराने विचारलं.

"कॉम्प्युटरचा भाग आहे."

"बीच में छेद है. हवा जाएगी अंदर."

"मग दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक लाव," मी म्हटलं. जपून काम करायची मला सवयच आहे.

फ्लॉपी एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने पापडासारखी फुगून बाहेर आली. घरी जाऊन पाट्याखाली ठेवू, म्हणजे सरळ होईल, असं मी मनाशी ठरवलं.

मनीषाने ती हातात घेतली आणि भोकावरच्या प्लॅस्टिकवर बोट टेकवलं.

"बाबा, ही मशीनमध्ये घालायची असते."

"घाल की. कडा कातरून देतो."

"आतली चकती फिरावी लागते. तुम्ही ती चिकटवून टाकलीत."

"फिरते हे आधी सांगायला नको?"

ती रडायला लागली. सुमनने तिला जवळ घेतलं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि असं झालं की मला राग येतो.

सोमवारी दहा वाजता तो राग घेऊन मी क्लासात गेलो. तिथले सर माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी फ्लॉपी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चौदा मुलं बघायला जमली.

"काका, असं का केलंत?"

"ते सोडा. हिची प्रत कुठं आहे? आमच्या ऑफिसात कार्बन कॉपी ठेवल्याशिवाय साधं रजेचं पत्र बाहेर जात नाही. आणि तुम्ही जगाला भविष्य शिकवता!"

प्रत सरांनी ठेवलेलीच नव्हती. त्या दिवशी मी जिंकलेली ती एकच गोष्ट.

"वहीत आहे सगळा प्रोग्राम," मनीषा म्हणाली. "पण तीनशे ओळी आहेत. परीक्षक अकराला येणार."

ती दोन बोटांनी टाइप करायची. मी खुर्ची पुढं ओढली. "वही धर," मी म्हटलं.

सरांनी कोरी फ्लॉपी घातली आणि मी सुटलो. ओळ संपल्यावर टाइपरायटरसारखी घंटी वाजत नव्हती, तेवढा त्रास झाला. चाळीस मिनिटांत तीनशे ओळी पूर्ण. मुलं तोंडात बोटं घालून बघत होती. "बाबा, झकास," मनीषा म्हणाली. टायपिंगला कोण विचारतंय, असं मी तिला विचारलं नाही. फक्त तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात परीक्षक आले. प्रोग्राम चालवायला सांगितला. पडदा वरपासून खालपर्यंत चुकांनी भरला.

"हे काय आहे?" परीक्षक म्हणाले.

"मशीन बिघडलंय," मी मागून सांगितलं. "बावीस वर्षांत माझी चूक निघालेली नाही."

"आपण कोण?"

मनीषा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, एकचा आकडा कसा मारलात?"

"कसा म्हणजे? एल."

आमच्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नव्हता. इंग्रजीतला लहान एल मारायचा, तोच एक. बावीस वर्षं माझे एल बँकांत गेले, कोर्टांत गेले, कुणी हूं की चूं केलं नाही. आणि हे एअर कंडिशनरमध्ये बसणारं मशीन एवढंही समजून घेत नव्हतं!

"सर, बाकी सगळं कॅपिटलमध्ये आहे," मनीषा परीक्षकांना म्हणाली. "म्हणजे लहान एल दिसेल तिथं एक हवा." तिने दोन बोटांनी काही कळा दाबल्या. अर्ध्या मिनिटात माझे सगळे एल गेले आणि प्रोग्राम चालला.

परीक्षक इतके खूश झाले, की नव्या बॅचला शिकवायला हिलाच ठेवा, असं त्यांनी सरांना सांगितलं. मनीषाला सर्टिफिकेट मिळालं, नोकरीही मिळाली. आता माझ्या चुका नसत्या तर तिने शोधलं काय असतं? पण पेढे वाटताना हे कुणी बोललं नाही.

वर्षभरात आमच्या कंपनीतही कॉम्प्युटर आले. साहेबांनी सगळ्या टायपिस्टांना शिकायला त्याच क्लासला धाडलं. शिकवायला मनीषा. सगळे तिला मॅडम म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. शेवटी परीक्षा झाली. आम्ही आठ जण बसलो होतो. मॅडमनी सात जणांना पास केलं.