ज्याचं नाव मी प्रार्थनेत घेतलं

देवाचे आभार मानायला बसलो की आधी शमुवेलदादा आठवतो, आणि आभार तिथंच राहतात. सातवीतून शाळा सोडून मी जालन्याकडून मुलुंडला आलो तेव्हा आमच्याच गावच्या ख्रिस्ती मंडळीतल्या या दादानं मला आपल्या खोलीत घेतलं, आपल्याच कारखान्यात चिकटवलं.

भांडुपचा रमाकांत त्याचा मित्र. दोघांचं नवराबायकोसारखं आहे, हे दादानंच मला सांगितलं. "तुझ्यापासून काय लपवायचं रे," म्हणाला. मी घाबरलो. हे पाप, असंच ऐकत आलेलो. दादाचा नाश होईल या धास्तीनं अन्न गोड लागेना. शेवटी बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत, "कोणासाठी विनंती आहे का?" असं विचारल्यावर मी उठलो आणि नाव घेऊन सगळं सांगितलं. रडत सांगितलं. खरंच वाटत होतं, मी देवाकडं त्याच्यासाठी मागतोय.

रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं. तेव्हा कायदा तसाच होता; मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब म्हणाले, "कायद्यानंही गुन्हा आहे हा. पोलीस आले तर मंडळीची काय इज्जत राहील?" दादाचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरसाचा पेला, बंद झालं. चाळीत सगळी मंडळीचीच घरं. खोली त्याची, पण पेटी उचलून गेला तोच.

पुढं मला कावीळ झाली. उठून पाणी घ्यायची ताकद नाही. मंडळीतून निरोप यायचे, "प्रार्थना चालू आहे." मी म्हटलं, प्रभू, कोणालातरी पाठव. दुसऱ्या दिवशी दुपारी दार ढकलून दादा आत आला. मागं रमाकांत, हातात पेजेचं पातेलं.

"काय रे, पिवळा झेंडू झालास की!" रमाकांत म्हणाला. "कारखान्यात तुझं कळल्यापासून हा धड जेवला नाय."

तीन आठवडे दोघांनी आळीपाळीनं मला सांभाळलं. माझी ओकारी रमाकांतनं काढली. मी "चुकलो" म्हणालो तेव्हा दादा हसला. "आधी बरा हो. आणि बाबा, परत प्रार्थनेत माझं नाव नको घेऊस."

बरा झालो. प्रभुभोजनाच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची ठरवली होती, की मंडळीनं ज्याला बाहेर काढलं त्यालाच देवानं माझ्याकडं पाठवलं. नाव न घेताही सांगता आलं असतं. पेला हातात आला. मी प्यालो आणि गप्प बसलो. मलाही बाहेर काढतील, एवढीच भीती. त्याचा दोष सांगायला उभा राहिलो होतो, उपकार सांगायला नाही.

दादा पुढं रमाकांतबरोबर सुरतेला गेला. भेट नाही. आता कोणाचं काय करावं हे मी देवाला सांगत नाही, त्याच्यावर सोडतो. इथं लिहिलेली नावंही त्यांची नाहीत. खरी देवाला ठाऊक आहेत. माझ्या तोंडून कळायची त्याला तेव्हाही गरज नव्हती.