सावलीवर नेम

वानखडेबाई गुडघाभर पाण्यात तासभर उभ्या राहत आणि गळ टाकत नसत. कामठीजवळ कन्हानचं पाणी हिवाळ्यात निवळतं, तळाची वाळू दिसते. काठावर चार माणसं गळ टाकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसलेली आणि मध्ये आमच्या शाळेच्या या विज्ञानाच्या बाई, साडी वर खोचून, गळाची बांबूची काठी घेऊन ताठ उभ्या. लोक हसत. बाई वळून सुनावत, "तुम्ही नशीब लावून बसले, मी डोये लावून उभी हाय!"

मी त्या शाळेत नव्यानेच मराठी शिकवू लागले होते. मासे खाण्यापलीकडे माझा त्यांच्याशी संबंध नव्हता. बाईंनी एका रविवारी मला ओढतच पाण्यात नेलं. मला वाळूशिवाय काही दिसेना. "मासा नको पाहू वं, सावली पाह्य. रोहूची पाठ पान्यात मिसळून जाते, पन सावली काई त्याले लपवता येत नाई." खरंच, वाळूवरून एक काळपट पट्टा सरकत होता. त्याच्या तोंडापुढे दोन हातांवर बाईंच्या गळाची कणकेची गोळी अलगद पडली. मी आनंदाने किंचाळले आणि मासा पळाला. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर पाण्यात मी कायम कुजबुजतच बोलले.

मग काचबिंदूने घात केला. धंतोलीत डॉक्टरांकडे किती खेटे घातले, पण शेवटी बाईंना उजेड आणि अंधार तेवढाच कळू लागला. मुलगा प्रमोद म्हणाला, "आई, आता नदी बंद. घसरून पडली तं?"

"काहून बंद? डोये गेले, पाय तं हायेत!"

मला त्यांनी विचारलंही नाही. थेट हुकूम आला, "आता तू पाह्य, मी फेकीन. नाकासमोर बारा वाजले, उजव्या हाताले तीन. 'अकरा वाजता, सात हात' असं सांगाचं. 'तिकडं, तिकडं' केलं तं पान्यात ढकलीन."

आठवड्यांमागून आठवडे गेले. गोळी कधी मागे पडे, कधी माशाच्या डोक्यावर. एका गार सकाळी तर दोन तास एकही सावली फिरकली नाही. बाई तरीही काठी रोखून उभ्या होत्या. मला ते पाहवेना. रिकाम्या वाळूकडे बघत मी म्हणाले, "बाई, दहा वाजता, सहा हात!"

बाईंनी काठी हलवलीही नाही.

"मासा पाहून बोलनारं मानूस दबक्यानं बोलते. तू तं वर्गात हजेरी घेऊन राहिली!" मग आवाज चढला. "घरी सारे खोटंच बोलून राहिले. आई, बरं वाटन, आई, दिसन. इथं तरी मले खरं सांग. नाई तं नाई म्हन!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आंधळ्या बाईंना मी आणखी आंधळं करायला निघाले होते.

पुढच्या रविवारी बाईंना परत न्यायला प्रमोद स्वतः आला. काठावर उभा राहून घड्याळ बघत होता. तेवढ्यात वाळूवर सावली सरकली. मी कुजबुजले, "अकरा वाजता, सात हात." काठी झपकन फिरली, गोळी पडली, सावली नाहीशी झाली.

"लागला का?" प्रमोद ओरडला. आईसाठी 'हो' ऐकायचं होतं त्याला, चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "एक हात कमी पडला."

बाई कितीतरी दिवसांनी खदखदून हसल्या. "एकच हात ना? मंग आता एक हात जास्त!" त्यांनी चाचपडत गळाला नवी गोळी लावली.

"आई, किती वेळ थांबाचं हाय अजून?"

"मासा लागेपर्यंत. तुले घाई असन तं तू जा."

प्रमोद गेला नाही. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून मला हळूच विचारलं, "सावली कशी ओळखाची, मॅडम?"