पळून गेलेल्या गड्याचा आहेर

बारामतीत एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आमचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं. परदेशी नोकरी मिळालेल्यांची व्हिसाची कागदपत्रं आम्ही करून देतो. काम झालं की फाइल माळ्यावर जाते, किस्से मात्र टेबलावरच राहतात. कुणी चहाला आलं की मी एखादा काढते. मग चहा निवतो.

*

वालचंदनगरचा एक वेल्डर. जर्मनीतली कंपनी त्याला न्यायला तयार झाली. फक्त म्हणाली, तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या एका माणसाशी बोलू द्या. अशा वेळी जुन्या साहेबाचं नाव द्यायचं असतं. पठ्ठ्यानं मामाचं दिलं!

मामा इंदापूरला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतात. जर्मन बाईंचा फोन आला तशी त्यांनी झकास इंग्रजीत माहिती दिली. मुलगा निर्व्यसनी आहे, घरची डाळिंबाची बाग आहे, सगळी ठिबकवर, बहीण एकच, तीही दिल्या घरी सुखी.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल आला. "माहितीबद्दल आभार. त्यांना वेल्डिंग येतं का?"

*

पण आमच्या ऑफिसचा लाडका माणूस म्हणजे वडगाव निंबाळकरचे तात्या. त्यांचा सचिन डेअरीत मशीनवर दूध काढायचा. न्यूझीलंडच्या एका गोठेवाल्यानं त्याला स्पॉन्सर करायचं ठरवलं. सचिनचा साखरपुडा झालेला, पण सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, आधी व्हिसा, मग तारीख. त्यामुळे सचिनचा जीव टांगणीला.

स्पॉन्सर म्हणजे काय, हे मी तात्यांना समजावलं. मालक तिथल्या सरकारला सांगतो, हा माणूस मला हवाय, याची जबाबदारी माझी. पुढे काम जमलं तर तिथं कायमचं राहायच्या अर्जालाही तोच पाठबळ देतो.

तात्या विचारात पडले. "म्हंजी जामीनदारच की. हितं सख्खा भाऊ जामीन ऱ्हात न्हाय ताई, आन् ह्यो कुठला कोण माझ्या पोराला जामीन ऱ्हातोय? कायतरी गोम हाय."

*

मालकानं व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली. आधार म्हणून मी सचिनच्या घरी गेले, तर ओसरीवर सतरंजी, चुलते-मामे बसलेले आणि आत पोहे परतायला घेतलेले. सचिनला नवा शर्ट घालून मध्ये बसवलेला.

ग्रॅहम नावाचा तो मालक स्क्रीनवर आला आणि एवढा गोतावळा बघून त्यानं आधी सगळ्यांना हात हलवला. सचिनची उत्तरं संपली तसे तात्या पुढं सरकले. "ताई, त्यास्नी म्हणावं, पोरगी देताना आमी घर बघतो. पोरगं देताना का बघू न्हाय? गोठा दावा."

मी कसंबसं सांगितलं. ग्रॅहम खूश झाला. फोन घेऊन गोठ्यात गेला, गाई दाखवल्या, सचिनची राहायची खोली दाखवली, अगदी बाथरूमचा नळ सोडून दाखवला!

तात्यांनी मान डोलावली. "गाई अंगानं भरल्यात. मालक उपाशी ठेवणारा न्हाय. द्या पोरगं."

*

खरी गंमत पुढंच. बाहेरचा माणूस आणायचा तर मालकाला आधी तिथंच जाहिरात द्यावी लागते. तिथला कुणी लायक माणूस आला तर नोकरी त्याची. हे ऐकल्यावर तात्या तडक सोमेश्वराच्या देवळात गेले आणि नवस बोलले, की न्यूझीलंडात एकाही माणसाला ही नोकरी आवडू नये.

देवाला बहुतेक पत्ता सापडला नाही. तिथल्याच एका माणसानं अर्ज केला. ग्रॅहमनं कळवलं, याला कामावर घेऊन बघावं लागेल. सचिन आमच्या ऑफिसात बसून राहिला, समोरचा चहा तसाच. तात्या एवढंच म्हणाले, "त्यो बी कुणाचा तरी पोरगा हाय. वाईट कसं चिंतावं त्याचं?"

काही दिवसांनी ग्रॅहमचा मेल आला. त्या माणसाला पहाटेच्या धारेला उठणं होईना. एके दिवशी तो झोपलाच, आणि दुपारी उठून गावाकडे निघून गेला. नोकरी सचिनची.

मी खुर्चीत उड्या मारायचंच बाकी ठेवलं होतं!

*

व्हिसा आला, लग्न झालं. सचिन निघायच्या आदल्या दिवशी तात्या ऑफिसात आले. आम्हाला पेढे दिले. मग पिशवीतून शर्टपीस, टॉवेल, टोपी आणि नारळ काढून टेबलावर आहेर मांडला.

"ग्रॅहमसाहेबांना का?" मी विचारलं.

"त्यांचा येगळा बांधलाय. ह्यो त्या निघून गेलेल्या गड्याला. त्याचं उपकार कसं फेडावं?"

नारळ तिकडे नेऊ देणार नाहीत, म्हणून तो आम्ही इथंच फोडला. बाकीचा आहेर सचिन घेऊन गेला.

मागच्या आठवड्यात फोटो आला. सचिननं त्या माणसाला गाठलंच होतं. गोरा, लालबुंद, धिप्पाड गडी, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर आपली पांढरी टोपी, आणि तोंडभर हसू.

तात्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग हात जोडून म्हणाले,

"माणूस भला दिसतोय. आमच्या सचिनचं कायमचं हुईस्तवर देव त्याला अशीच झोप देवो."