अंताल्यातलं सिमेंट

या पृथ्वीवर शिजलेल्या कुठल्याही अन्नाला नावं न ठेवणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. विमानातला उपमा त्यांना आवडतो. माझ्या बायकोचा जो केक मी दाराला अडसर म्हणून लावणार होतो, त्याचे त्यांनी दोन तुकडे मागून घेतले. मी एकदा मुगाची खिचडी तळापासून करपवली, तर म्हणाले, "वा! धुरी दिलीत वाटतं?" आणि ताट असं पुसून खाल्लं की घासायचं काय हा प्रश्न पडावा. माझी लेक इथे सिंगापूरच्या शाळेत शिकते. तिने ताटात टाकलेली शेपूची भाजीसुद्धा ते स्वतःकडे ओढून घेतात. ती म्हणते, "काका, नो नीड लाह, जस्ट थ्रो!" पण काका थ्रो करत नाहीत.

साडूभाऊ मूळचे गुहागरकडचे. उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, चीफ इंजिनिअर झाले, आणि आता सिंगापूरच्या बंदरात लागणाऱ्या जहाजांची तपासणी करतात. त्यांचा दुसरा नेम म्हणजे जेवण झालं की रांधणाऱ्याला जाऊन भेटायचं. इथल्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, भर दुपारी, मागे वीस माणसांची रांग असताना, हे काउंटरवरून आत वाकून नूडल्सवाल्या अंकलचे आभार मानतात. अंकल चिनी, आभार अर्धे मराठीत, रांग संतापलेली, आणि मी लांब खांबाआड उभा राहून फोनमध्ये डोकं घातलेलं. नोव्हेनाच्या एका इस्पितळात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो तर खाट रिकामी. सलाइनचा स्टँड ढकलत स्वारी भटारखान्यात पेजेची तारीफ करायला निघाली होती. नर्सने लिफ्टपाशी पकडून आणली.

मी याच्या अगदी उलट. एक तर मी पुण्याचा. अन्नाला नावं ठेवणं हे आमच्याकडे भूक लागल्याचं लक्षण मानतात. वन-नॉर्थच्या ऑफिसात मी दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि उरलेल्या वेळात हॉटेलांमधल्या. फोनमध्ये माझ्या याद्या आहेत, याद्यांत रकाने आहेत, आणि 'का जाऊ नये' हा रकाना सर्वांत रुंद आहे. मी स्वतःला मोठा जाणकार समजतो. घरातलं दुसरं कोणी तसं समजत नाही, पण त्याला इलाज नाही.

म्हणूनच गेल्या सुट्टीत साडूभाऊंनी तुर्कस्तानातल्या अंताल्याला जायचा हट्ट धरला तेव्हा मी सहज फसलो. "पुणेकर," ते म्हणाले, "तिथे जुन्या बंदराजवळ सगळ्या देशांचं मिळून एक जेवण मिळतं म्हणे. इंटरनॅशनल फ्युजन. हॉटेल मात्र तुम्हीच शोधायचं. तुमच्याइतकं बारीक बघणारं आहे कोण?" झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. तीन आठवडे जागच्या जागी बसून मी अंताल्यातली फ्युजनची यच्चयावत हॉटेलं चाळली, चौतीस बाद केली आणि तीन ठेवली.

पहिल्या संध्याकाळी समुद्रावरच्या गच्चीत आम्ही द्राक्षाच्या पानात गुंडाळलेली सुशी खाल्ली. तिच्यावर फेस होता. तो कशाचा, हे वेटरने दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान डोलावली. मी 'टेक्स्चर' हा शब्द चार वेळा वापरला, आणि बायकोने टेबलाखालून पाय दाबल्यावर थांबलो. साडूभाऊ "छान आहे" म्हणत सगळं संपवून नेमाप्रमाणे आत गेले आणि चेहरा पाडून परत आले. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तर बाहेर येऊन ते थेट बंदराकडे चालू लागले. दोघी बहिणी लेकीला घेऊन आइस्क्रीम आणायला गेल्या आणि आम्ही दोघे साडू बंदराच्या कठड्यावर बसलो. मी विचारलं, "अहो, रोज आत जाऊन शोधताय तरी काय?"

ते होड्यांच्या दिव्यांकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा मी भर समुद्रात होतो. पुढचं बंदर दहा दिवसांवर. दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये कुकने माझ्यापुढे पिवळा लगदा आणून ठेवला. म्हातारा तुर्की होता, आम्ही त्याला उस्ता म्हणायचो. मी सगळ्यांसमोर ताट ढकललं. म्हटलं, हे सिमेंट आहे, घेऊन जा. तो ताट उचलून गेला. पुढच्या बंदरात त्याचं कंत्राट संपलं. मग आमचा रत्नागिरीचा फिटर मला म्हणाला, चीफसाहेब, उस्ताने मला विचारलं होतं, तुमच्या चीफची आई काय रांधायची? मी म्हटलं पिठलं. भज्यांसाठी आणलेलं बेसन होतं, त्याचं त्याने अंदाजाने केलं. हे ऐकलं आणि मी धावत उस्ताच्या केबिनकडे गेलो, तर केबिन रिकामी, तो उतरून गेलेला. नेहमी म्हणायचा, अंताल्याला बंदराजवळ हॉटेल काढीन, जहाजावरच्या सगळ्या देशांचं जेवण ठेवीन. आता पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. गुहागरला गेलो की कुठला येतोय परत? त्याला एकदा सॉरी म्हणायचं होतं हो."

 माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. सिमेंट! मी फोन काढला, बाद केलेल्या चौतिसांची यादी उघडली. एकविसावं नाव. 'का जाऊ नये' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "मेनूत 'चीफ्स सिमेंट' नावाचा पदार्थ. विनोद समजावा काय?" तीन आठवड्यांपूर्वी मीच हे वाचून हसलो होतो आणि मीच ते खोडलं होतं. माझ्या नावं ठेवण्याचा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला, तोही मी केलेली चूक निस्तरायला.

हॉटेल त्या कठड्यापासून पाच मिनिटांवर, एका बोळात होतं. सहा टेबलं. जगातल्या कुठल्याही भटारखान्यात बेधडक घुसणारे साडूभाऊ उंबऱ्यावरच थिजले. शेवटी मी त्यांना कोपरापाशी धरून बसवलं आणि वेटर मुलीला सांगितलं, "टू चीफ्स सिमेंट."

ते आलं. ऑलिव्ह तेल, लसूण, लाल मिरची, बाजूला जाड पाव. मी घास घेतला. गुठळ्या होत्या, मीठ बेताचं होतं, आणि माझ्या जिभेवर किमान पाच शेरे तयार होते. मी ते सगळे गिळले. साडूभाऊ मान खाली घालून एकेक घास खात होते, मिशीवरून टिपं गळत होती. पावाच्या तुकड्याने त्यांनी ताट लख्ख पुसलं. ताटं न्यायला आतून स्वतः म्हातारा आला. त्याने ते पुसलेलं ताट पाहिलं, मग चेहरा पाहिला.

"चीफ?"

साडूभाऊ उभे राहिले. इतक्या वर्षांची पाठ केलेली माफी, पण तोंडातून नुसतं "उस्ता, सॉरी" एवढंच फुटलं. म्हातारा मोडक्या जहाजी इंग्रजीत म्हणाला, "हे कोणी पूर्ण खात नाही. सगळे परत पाठवतात."

"मग मेनूत ठेवता कशाला?" हा अडाणी प्रश्न अर्थातच माझा.

"चीफ दर्यावरचा माणूस. कधीतरी या बंदरात येईल. नाव वाचलं की त्याला कळेल, मी रागावलो नाही."

मग ते दोघे आत गेले, आणि आइस्क्रीम आणायला गेलेल्या मंडळींना मी बोलावून घेतलं, आम्ही सगळे तासभर बाहेर बसून राहिलो.

परवा साडूभाऊ आमच्या फ्लॅटवर निरोपाच्या जेवणाला आले. बायकोच्या विरोधाला न जुमानता पिठलं मी केलं. पहिल्या घासाला ते थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "पुणेकर, गुठळ्या झाल्यात हो."

उस्ताच्या त्या सिमेंटनंतर इतक्या वर्षांत त्यांनी अन्नाला नावं ठेवलेली ही पहिली वेळ. लेक म्हणाली, "सी, बाबा? इव्हन काका!" मला मात्र भरून आलं. मी कढई पुढे केली, आणि त्यांनी आणखी एक वाटी वाढून घेतली.