एकतीस सप्टेंबर

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८. उकाडा कमी. पंखा एकवर. कांद्याचा भाव ऐकून पिशवी रिकामीच परत आणली. दुपारी चार ते सव्वाचार हृषीकेशने ऋताच्या पट्टीचा तक्ता भरला. तीन महिन्यांचा. तीन वेगवेगळ्या पेनांनी. उद्या दहाला इस्पितळ.

एवढे लिहून पद्मिनीबाई कर्णिकांनी पेनाला टोपण लावले. दिवस जसा गेला तसा लिहावा, जायला हवा होता तसा नाही, हे त्यांना नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने शिकवले होते. सिस्टरच्या हातात छडी असे, त्यामुळे धडा पक्का बसला. पुढे नवऱ्याच्या सरकारी बदल्यांमध्ये भांडी हरवली, कपाटे मोडली, पण डायऱ्या प्रत्येक गावी सुखरूप पोचल्या. नवरा गेल्यावर सेहेचाळीस डायऱ्या घेऊन त्या चंडीगडला मुलाकडे आल्या. घरात आजवर कुणी त्यातले एक पानही उघडून पाहिले नव्हते. यालाच परस्परविश्वास म्हणत असावेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मुलगा हृषीकेश तिथल्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. केसाच्या शंभराव्या भागाएवढे अंतर मोजणारी उपकरणे बनवायचा. पोटच्या मुलीला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, हे मात्र ती सहा वर्षांची होईपर्यंत त्याला दिसले नाही. ते दिसले आजीला. खेळताना उजव्या डोळ्यावर हात ठेवला की ऋता सरळ खुर्चीवर जाऊन आपटायची. "नाटक करतेय," असे निदान सून कांचनने केले. ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायची.

इस्पितळातल्या डॉक्टर देवदत्तांचे निदान वेगळे पडले. डाव्या डोळ्यात दोष नाही, पण मेंदूने त्याचे ऐकणे सोडलेय. चांगला उजवा डोळा रोज सहा तास पट्टीने झाका, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावेच लागेल. मात्र हे सात-आठ वर्षांच्या आत झाले तर झाले, पुढे कठीण. अशा मुलांवर डॉक्टरांचे संशोधन चालू होते, आणि त्यासाठी घरच्यांनी रोजचे तास एका तक्त्यात लिहायचे होते. हृषीकेशने डॉक्टरांना अचूक नोंदींच्या महत्त्वावर दहा मिनिटे ऐकवले. घरी येऊन तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावला. तिथे तो तीन महिने अगदी कोरा, स्वच्छ राहिला.

पट्टी घरात होती, नाही असे नाही. कधी ऋताच्या डोळ्यावर, बहुतेक वेळा बाहुलीच्या.

"आजी, मुझे नहीं लगाना. स्कूल में सब डाकू बोलते हैं."

रविवारी तक्ता भरताना हृषीकेशने आईला समजावलेही होते. "शेवटी सरासरीच काढतात गं. डॉक्टरांना शंभर मुलांचा कल बघायचाय, आपल्या एकीनं काय बिघडतं? आणि हे बघ, मधे मधे मी साडेपाचही टाकलेत. नुसते सहा-सहा खोटे वाटतात."

"बरोबर आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या. "खोटं कसं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे."

तो फिरायला गेल्यावर त्यांनी यंदाची डायरी काढली आणि खरे तास मोजायला बसल्या. सरकारी वकिलाला येते तशी तरतरी आली होती. 'वीस मिनिटे. कांचनने काढली, वाढदिवसाचे फोटो.' 'नाही लावली. हृ. म्हणतो, पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही.' जुलैची पाने मजेत गेली. मग आले, '२८ ऑगस्ट. मंडळाचा गणपती. ऋताने श्लोक म्हटले. पट्टी मी काढली. बायका विचारत बसतात.' त्यापुढे, 'मी काढली. रडत होती.' मग, 'मी काढली. पोळी गरम होती.' असे एकूण अकरा वेळा. तरतरी गेली. सिस्टर हयात नव्हत्या, हीच काय ती सोय. डायरी पुन्हा कपाटात ठेवावी असे त्यांच्या मनात आले, आणि तशी ती ठेवलीही. सकाळी निघताना परत काढून पर्समध्ये घातली.

इस्पितळात ऋताने डाव्या डोळ्याने तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षरे वाचली. जुलैतही तिसरीपर्यंतच वाचली होती.

"रोज सहा तास लावूनही काहीच फरक नाही," डॉक्टर देवदत्त तक्ता चाळत म्हणाले. "वाईट वाटतं सांगायला, पण हा डोळा दाद देत नाही असंच धरावं लागेल. उगीच पोरीला छळण्यात अर्थ नाही. पट्टी बंद करू."

हृषीकेशने मान हलवली. पेनाचे टोपण लावत-काढत राहिला.

"डॉक्टर," पद्मिनीबाईंनी विचारले, "सप्टेंबरच्या एकतीस तारखेला कोणता वार होता हो?"

डॉक्टरांनी तक्ता जवळ धरला. छापणाऱ्याने प्रत्येक महिन्याला एकतीस चौकोन दिले होते, आणि हृषीकेशने एकही वाया घालवला नव्हता. एकतीस सप्टेंबरला ऋताने साडेपाच तास पट्टी लावली होती.

"आई, हे घरी सांगायचंस ना," हृषीकेश पुटपुटला.

"घरी सांगितलं असतं तर तू तेवढाच चौकोन खोडला असतास."

त्यांनी डायरी टेबलावर ठेवली. डॉक्टर वाचत राहिले. बऱ्याच वेळाने वर पाहून म्हणाले, "काकू, यात ठिकठिकाणी 'मी काढली' आहे. ही 'मी' कोण?"

"मीच. दुसरी कोण असणार?"

"ऋताला संशोधनातून काढावं लागेल. हे आकडे मला वापरता येणार नाहीत." मग ते हृषीकेशकडे वळले. "पण डोळ्यानं दाद दिली नाही असंही आता म्हणता येत नाही, साहेब. त्याला कुणी विचारलंच नाही. आजपासून नव्यानं सुरू करा, अजून दिवस आहेत. तुम्हाला तक्ता देत नाही. काकू, तुम्ही येताना डायरी आणा."

मंडळी दारापर्यंत गेली तेव्हा डॉक्टर बाकीच्या मुलांच्या तक्त्यांचा गठ्ठा पुढे ओढून एकेकाचा सप्टेंबर बघत होते. तिसऱ्याच तक्त्याशी थांबून त्यांनी चष्मा पुसला.

"डॉक्टरांना माझंही नाव वाचून दाखवलंत, आई?" घरी कांचनने विचारले.

"छे गं. त्यांनी स्वतःच वाचलं."

दुपारी दोनला पट्टी लागली. केबलवरचे कार्टून बंद, ऋताचे भोकाड चालू. पद्मिनीबाईंनी तिच्यापुढे मसुरीचे ताट ठेवले. दोनदा त्यांचा हात पट्टीकडे गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो मसुरीत घातला.

"आजी, ये वाला?"

"ती डाळ. नीट बघ."

"और ये?"

"हां, तो खडा. काढ."

रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी लिहिले:

सोमवार, ५ ऑक्टोबर. पट्टी दोन ते आठ. मसूर ऋताने निवडली. तीन खडे तिने काढले, दोन जेवताना लागले.