तेओपिस्ताच्या विषाणूचं कुळ

युगांडातल्या मसाकाच्या बाजारात तेओपिस्ता मासे विकते. सगळे विकते, मांबा नावाचा मासा सोडून. ती स्वतःच मांबा कुळाची. तिकडे आपल्या कुळाचं जनावर कोणी खात नाही, ही तर विकतही नाही. गिऱ्हाइकाने मांबा मागितला, तर आधी त्याचं कुळ विचारते आणि मग त्याला समोरच्या टपरीवर पिटाळते.

एचआयव्हीच्या गोळ्या तिने एकोणीस वर्षं एकही दिवस न चुकता घेतल्या. पण आता कंपालात तिची सून बाळंत झाली होती. नातवाजवळ महिनाभर राहायचं, तर घरभर पसरलेल्या सुनेच्या माणसांसमोर रोज गोळी कशी घ्यायची? म्हणून तिला दोन महिन्यांतून एकदाच टोचायचं इंजेक्शन हवं होतं.

डॉक्टर मुलोंडोंनी ते दिलं, पण आधी बजावलं. तिच्या अंगातला विषाणू ‘ए’ प्रकारचा. त्याच्या घडणीत मुळातच एक बारीकसा बदल असतो, त्यात तिची काही चूक नाही. त्या बदलामुळे एखाद्याला हे औषध कमी लागू पडू शकतं. तेव्हा चार महिन्यांनी रक्त तपासायचं, तोवर कंपालाचं नाव काढायचं नाही.

तेओपिस्ताने घरी जाऊन स्वतःचं डोकं चालवलं. औषध विषाणूला सोडून देतं, म्हणजे दोघं एकाच कुळाचे असणार. मग तिने उरलेल्या गोळ्याही गुपचूप चालू ठेवल्या.

चार महिन्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही. बाई खुशीत बोलून गेली, "सापडेल कसा? मी दोन कुळांची औषधं त्याच्या मागे लावली होती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, औषधाला कुळ नसतं. आता इंजेक्शनाने काम केलं की गोळ्यांनी, हे मी कसं सांगू? परत चार महिने थांबा. आणि गोळ्या इथे ठेवून जा."

तिला रडू कोसळायचंच बाकी होतं. नातू तोवर रांगायला लागणार. तरी तिने दुसऱ्या दिवशी बाटली मुकाट्याने आणून दिली. पुढचे चार महिने तिने धास्तीत आणि गिऱ्हाइकांवर डाफरत काढले.

मग पुन्हा तपासणी झाली. "विषाणू सापडला नाही," डॉक्टर म्हणाले, "नुसत्या इंजेक्शनावर."

तिने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, त्या दिवशीची सुई टोचून घेतली आणि पुढची कधी, ते विचारलं. दोन महिन्यांनी, असं कळलं.

"मग तोवर मीही सापडणार नाही," असं म्हणत ती कंपालाची गाडी गाठायला निघाली.